विकीवर लिहिलेलं पुसलं गेलं तर? गावाकडच्या नव्या संपादकांसाठी

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वाचनालयाच्या ओसरीत बारावीतला एक मुलगा संध्याकाळचे दोन तास मोबाइलमध्ये मान घालून टाइप करत बसला होता. एका विकीवर तो गावच्या तलावाचं पान लिहीत होता. पाळ किती लांब, पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) आधी जातं, तुडुम (तलावाचं पाणी सोडायची जागा) कुठे आहे, मासे कोण धरतं, सगळं त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढायच्या आत तो दारात उभा. "सर, काहून पुसलं जी त्यायनं? एकबी गोष्ट खोटी नोहोती." मी पान उघडलं. मजकूर गेला होता आणि त्या जागी एक चौकट होती. चौकटीत 'विश्वकोशीय उल्लेखनीयता' असे दोन शब्द होते. त्या पोराला त्यातलं काही कळलं नव्हतं, आणि त्याला कळेल असं सांगायला त्या दिवशी माझ्याकडेही शब्द नव्हते.

मी भंडारा जिल्ह्यात एका गावात सार्वजनिक वाचनालय सांभाळतो. त्या सकाळनंतर आम्ही दहाबारा जण हे सगळं एकमेकांना विचारत शिकलो. लिहिणं, पुसलं जाणं, परत लिहिणं, भांडणं, समजावणं. आपल्या गावाबद्दल, आपल्या भागाबद्दल विकीवर लिहावंसं ज्याला वाटतं, त्याला हे आधीच माहीत असावं म्हणून लिहितो आहे.

सुरुवात करण्याआधी

विकी म्हणजे असं संकेतस्थळ की जे वाचणारा माणूसच बदलू शकतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने १९९५ साली पहिलं विकी सुरू केलं. विकी हा हवाईयन भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. विकिपीडिया जानेवारी २००१मध्ये इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाला.

लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, हे सगळ्यांना आवडतं. पण तुमचं लिहिलेलं बदलायलाही कुणाची परवानगी लागत नाही, हे पहिल्यांदा अनुभवाला येतं तेव्हा फार लागतं. दोन्ही गोष्टी एकाच नियमातून आलेल्या आहेत. आणखी एक गोष्ट मात्र नवख्याला कुणी सांगत नाही. विकीवर पुसलेलं सहसा नाहीसं होत नाही. प्रत्येक पानाच्या मागे त्याचा इतिहास असतो. कुणी, कधी, काय बदललं, ते तिथे राहतं. पूर्ण पानच काढून टाकलं तरी ते प्रचालकांना, म्हणजे विकीची देखरेख करणाऱ्या जादा अधिकाराच्या संपादकांना, दिसतं, आणि नम्रपणे मागितलं तर ते तो मजकूर तुमच्या खात्याखालच्या एका पानावर आणून देऊ शकतात. त्या मुलाचे दोन तास वाया गेले नव्हते. ते कुठे ठेवलेले आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच.

मराठी विकिपीडियावर गेलात तर तिथले शब्द ओळखीचे वाटतील. सगळ्यांनी मिळून बोलायची जागा म्हणजे चावडी. एखाद्या पानावर लक्ष ठेवायचं तर पहारा. आपोआप कामं करणारा प्रोग्राम म्हणजे सांगकाम्या. सराव करायची जागा म्हणजे धूळपाटी, जिच्यावर आपले पणजोबा बोटाने अक्षरं गिरवायचे. ज्यांनी हे शब्द निवडले त्यांना गाव माहीत होतं. मला ही नावं फार आवडतात, आणि वाचनालयात मुलांना शिकवताना निम्मं काम तीच करून टाकतात.

खातं

खातं उघडा. खात्याशिवायही पुष्कळ विकींवर लिहिता येतं, पण मग तुमच्याशी बोलायचं असेल तर समोरच्याला धड माणूस सापडत नाही. खात्याला ईमेल जोडा, नाहीतर पासवर्ड विसरलात की ते खातं कायमचं गेलं समजा. आमच्याकडच्या तीन मुलांची अशी गेली आहेत. वाचनालयाचं, शाळेचं, ग्रामपंचायतीचं नाव खात्याला देऊ नका. एक खातं एका माणसाचं असावं अशी अपेक्षा असते, आणि संस्थेच्या नावाचं खातं बंद केलं जातं.

खेड्यातला एक त्रास शहरातल्यांना माहीत नसतो. आपलं सगळं इंटरनेट मोबाइलवर. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच इंटरनेट पत्त्यावरून (आयपी) बाहेर पाठवतात. त्या पत्त्यावरून कुठल्या तरी दुसऱ्याने शिवीगाळ केली, पानं नासवली, तर तो पत्ता किंवा पत्त्यांची आख्खी रांग काही दिवसांसाठी अडवली जाते. मग तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा 'संपादन' दाबता आणि 'तुम्हाला प्रतिबंध केला आहे' असं वाचता. ते तुमच्याबद्दल नसतं. अशा वेळी खात्यात प्रवेश करून पाहा. पुष्कळदा अडवणूक फक्त बिनखात्याच्या लोकांपुरती असते. खातंच उघडू देत नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून किंवा तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकाच्या वायफायवरून एकदा उघडून घ्या, पुढे घरून चालतं. व्हीपीएन (आपला इंटरनेट पत्ता लपवणारी सोय) मात्र लावू नका. विकिपीडियावर व्हीपीएनचे पत्ते बहुधा आधीच अडवलेले असतात.

टायपिंग

मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावा. बोलून टाइप करायची सोय वापरली तरी चालेल, पण मग शब्द न् शब्द वाचून घ्या. आपल्याकडच्या उच्चारांना ती यंत्रं अजून सरावलेली नाहीत आणि 'बांधी'चं 'बांधणी' करून ठेवतात.

दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण त्यांनी आमचे कितीतरी दिवस खाल्ले. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द दिसायला एक असला तरी संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं. दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. माणसाला दोन्ही सारखेच, पण पानाच्या शीर्षकात ते दोन वेगळे शब्द ठरतात. 'ॲ'चंही तसंच. परिणाम असा, की पान आधीपासून असतं, तुम्हाला शोधात सापडत नाही, तुम्ही नवं काढता आणि कुणीतरी येऊन 'हे दुबार आहे' म्हणून काढून टाकतं. म्हणून ऱ्य, ऱ्ह, ॲ असलेलं नाव शोधताना त्या अक्षराच्या आधीचा तेवढाच तुकडा टाइप करूनही शोधा.

दुसरी गोष्ट जुन्या फॉन्टची. तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर तयार झालेली स्मरणिका, ग्रामसभेचं पत्रक, लग्नपत्रिका यांतला मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतो. तो उचलून विकीवर टाकला की नुसती चिन्हांची रास दिसते. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं तपासा.

पहिला महिना नवं पान काढू नका

हे मी जिव्हाळ्याने सांगतो, कारण नवे संपादक जिथे मोडून पडतात ती जागा हीच आहे. उत्साह असतो, म्हणून माणूस थेट नवं पान काढतो. नव्या पानांवर जुन्या संपादकांची सगळ्यात कडक नजर असते, कारण जाहिराती, स्वतःची चरित्रं आणि निवडणुकीच्या तोंडावरची पुढाऱ्यांची कौतुकं तिथूनच येतात. तुमचं प्रामाणिक पान त्याच रांगेत उभं राहतं.

त्याऐवजी तुमच्या गावाचं पान शोधा. मराठी विकिपीडियावर विदर्भातल्या पुष्कळ गावांची पानं आहेत, पण कितीतरी पानांवर दोनच ओळी असतात. हवामानाचा तोच परिच्छेद एका गावाच्या पानावरून दुसऱ्या गावाच्या पानावर चिकटवलेला दिसतो. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतू असतात, हे वाचून कुणाला आपलं गाव कळणार? तिथे तुम्ही हवे आहात. नदीचं नाव चुकलंय का पाहा. तालुका बरोबर आहे का पाहा. जिल्हे बदलले, पण पानं बदलली नाहीत असंही सापडतं. बाजाराचा वार लिहा, पण त्याला पुरावा काय ते पुढे सांगतो. 'धूळपाटी'वर आधी एकदा करून बघा, 'झलक पहा' दाबून नीट दिसतंय याची खात्री करा, मगच जतन करा.

जतन करताना खाली एक छोटी रिकामी चौकट येते. काय बदल केला आणि का, ते तिथे एका ओळीत लिहायचं असतं. बहुतेक नवखे ती रिकामी सोडतात. कृपा करून सोडू नका. 'लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार दुरुस्त केली, संदर्भ जोडला' एवढी ओळ लिहिली की तुमचा बदल तपासणाऱ्याला तुम्ही कोण आहात ते कळतं. आमच्या अनुभवात या एका ओळीने जेवढे बदल वाचवले तेवढे दुसऱ्या कशानेही वाचवले नाहीत.

त्या मुलाचा तलावही खरं तर गावाच्या पानावर एक विभाग म्हणून जायला हवा होता. 'उल्लेखनीयता' या अवघड शब्दाचा अर्थ एवढाच: ज्याचा त्या विषयाशी काही लागाबांधा नाही अशा कुणीतरी त्यावर सविस्तर छापून ठेवलं आहे का? एका गावच्या एका तलावावर तसं सहसा सापडत नाही. मामा तलाव या सगळ्या तलावांच्या कुळावर मात्र भरपूर सापडतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, मध्य प्रदेश सरकारच्या १९५०च्या कायद्याने संपली, तलाव सरकारकडे गेले, नाव तेवढं राहिलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या धानाच्या शेतीचा हा कणा आहे.

पुरावा कुठून आणायचा

गावाकडच्या माणसाची खरी अडचण इथे आहे, आणि मी तिच्यावर थोडा जास्त वेळ थांबणार आहे.

आमच्या गावात ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत. तलावाचं पाणी सोडायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरी होतं. मुलगा त्यांना पाळीवर घेऊन गेला. आजोबांनी काठीने दाखवलं, "हे पायऱ्या पायऱ्याचं तुडुम माह्या आज्यानं बसवलं. पानी उतरलं का एक एक बूच काढाचं. वरचं आधी, खालचं मागून." किती बुचं, कोणत्या महिन्यात कितवं निघतं, त्यांना तोंडपाठ होतं. या माणसापेक्षा मोठा जाणकार त्या तलावाला नाही. पण विकीवर त्यांचं बोलणं पुरावा म्हणून चालत नाही, कारण दुसऱ्या गावातल्या वाचकाला ते पडताळून पाहता येत नाही. मुलाला हे फार लागलं. मलाही लागलं. नियम मात्र मला कळतो. उद्या कुणीही उठून 'आमचे आजोबा सांगतात' म्हणून दुसऱ्याच्या जमिनीबद्दल, दुसऱ्याच्या जातीबद्दल काहीही लिहील, आणि ते थांबवायला दुसरा उपाय नाही.

मग आम्ही छापील शोधायला लागलो. काय सापडलं ते सांगतो, तुमच्या कामाला येईल.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे. विदर्भात पिंपळगाव, बोरगाव, वडगाव इतके आहेत की क्रमांकाशिवाय एकाची लोकसंख्या दुसऱ्याला चिकटते. पुस्तिकेत क्षेत्रफळ, कुटुंबं, शाळा, सिंचन, जवळचं शहर अशी माहितीही असते. गावाच्या पानाची पहिली वीट म्हणजे ही पुस्तिका.

जुनी गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ. इंग्रजांच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची गॅझेटिअर्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाली. भंडाऱ्याचं १९०८चं आहे. इंटरनेट अर्काइव्हवर अशी स्कॅन केलेली पुस्तकं वाचता येतात. शोधताना जुने नकाशे डोक्यात ठेवा. गोंदिया जिल्हा १९९९मध्ये भंडाऱ्यातून निघाला, वाशीम १९९८मध्ये अकोल्यातून, गडचिरोली १९८२मध्ये चंद्रपुरातून, आणि चंद्रपूर जुन्या कागदांत 'चांदा' आहे. यवतमाळचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा 'Yeotmal' असं होतं. १९५६पर्यंत आपला भाग मध्य प्रदेशात होता, त्यामुळे त्या काळचे पुष्कळ कागद हिंदीत किंवा इंग्रजीत मिळतील. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६च्या जातीजमातींवरच्या ग्रंथात कोहळी समाजाच्या तलाव बांधण्याच्या कसबाचा उल्लेख आहे. तो तलावासाठी वापरा. पण अमुक जात अशी नि तमुक तशी, ही त्या काळच्या साहेबांची मतं जशीच्या तशी उचलू नका. ती माहिती नव्हे, एका राज्यकर्त्याची नजर आहे, आणि आजच्या जिवंत माणसांना ती बोचते.

प्रबंध. शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या नावाने शोधून पाहा. झाडीबोली, दंडार (आपल्याकडचं लोकनाट्य), झाडीपट्टी (पूर्व विदर्भ) रंगभूमी, मामा तलाव असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही टाका. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची म्हणजे पुढच्या पुस्तकांचा पत्ताच.

आणि तुमच्या गावचं वाचनालय. खूप जणांना वाटतं की संदर्भ म्हणजे लिंक. तसं नाही. छापील पुस्तक चालतं. लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पान क्रमांक दिला की तो पुरता संदर्भ झाला. उलट बातम्यांच्या लिंका दोनचार वर्षांत मरतात, पुस्तकाचं पान मरत नाही. बातमीचा संदर्भ देतानाही वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान लिहून ठेवा, म्हणजे लिंक गेली तरी अंक शोधता येईल.

पुरावा कच्चा असेल तर वाक्यही तेवढंच बेताचं लिहा. नवेगाव बांध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरेने सांगतात. ते तसंच लिहायचं: 'अशी परंपरा आहे', आणि ती परंपरा कुठल्या पुस्तकात नोंदली आहे ते पुढे. 'यांनीच बांधला' असं ठोकून दिलं की कुणीतरी येऊन 'संदर्भ हवा' असा साचा (तयार सूचना) लावणार, आणि तो साचा लावणं बरोबरच असेल.

माणसांबद्दल लिहिताना आणखी जपून. झाडीपट्टी रंगभूमीवरचे डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्याबद्दल स्वतंत्र पान लिहायला सरकारी यादीपासून वर्तमानपत्रांपर्यंत पुरावे आहेत. तुमच्या गावातल्या दंडारीतल्या उत्तम नटाबद्दल नसतील. तो कमी प्रतीचा नट आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्याबद्दल कुणी अजून छापलं नाही, एवढाच अर्थ आहे.

पुसलं गेलं. आता?

आधी मोबाइल खाली ठेवा. खरंच. रागात केलेलं पुढचं संपादन नेहमी चुकतं.

मग 'इतिहास पहा' उघडा. एकाखाली एक ओळी दिसतील: वेळ, नाव, कंसात आकडा, आणि जतन करताना लिहिलेली आढाव्याची ओळ. हिरवा आकडा म्हणजे मजकूर वाढला, लाल म्हणजे कमी झाला. हे बाइट असतात आणि आपल्या लिपीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणून 'उणे ६००' पाहून छाती धडधडायला नको, ती दोनतीन वाक्यंच असतात. दोन आवृत्त्या निवडून तुलना केली की डावीकडे जुनं, उजवीकडे नवं असं समोरासमोर येतं. नेमकं काय गेलं ते पाहा. त्या मुलाच्या दुसऱ्या एका पानावर आम्ही असं पाहिलं, तेव्हा त्याला वाटत होतं सगळं पुसलं. प्रत्यक्षात 'अत्यंत निसर्गरम्य' आणि 'पंचक्रोशीत प्रसिद्ध' एवढे शब्द गेले होते. बाकी त्याचं वाक्य न् वाक्य जागेवर होतं.

पुसणाऱ्याने काय कारण लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं: संदर्भ नाही, मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला आहे, किंवा भाषा कौतुकाची आहे. तिन्ही दुरुस्त करता येतात.

ते बरोबर वाटलं नाही, तर पानाच्या 'चर्चा' पानावर लिहा. शेवटी चार नागमोडी रेघा (~~~~) टाकल्या की तुमचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. मोबाइलवर चर्चेची जागा पटकन डोळ्यांत भरत नाही, पानाच्या वरच्या बाजूला शोधा. आमची मुलं साधारण असं लिहितात: 'नमस्कार. तलावाच्या सिंचनाबद्दलचा परिच्छेद आपण काढला. त्याला जिल्हा जनगणना पुस्तिकेचा संदर्भ देत आहे. हरकत नसेल तर परत घालतो. काही चुकत असल्यास सांगावे.' एवढंच. मग दोनतीन दिवस थांबा. समोरचा माणूस पगारी नाही. तोही आपली नोकरी, शेती, घर सांभाळून रात्री बसणारा कुणीतरी आहे.

तेच ते परत परत घालू नका. तुम्ही घालणार, तो काढणार, हे दोनतीनदा झालं की चूक कुणाची होती हे कुणी विचारत नाही, दोघंही अडवले जातात. आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'सगळ्यांनी जाऊन लिहा' असं मुळीच टाकू नका. विकीवर हात वर करून मोजत नाहीत, कारण पाहतात. एका रात्रीत आलेली वीस नवी खाती एकाच माणसाची समजली जातात, आणि तुमची खरी बाजूही त्यात बुडते.

फोटो

स्वतः काढलेलाच टाका. ग्रुपवर आलेला, गूगलवर सापडलेला, फोटो स्टुडिओवाल्याने काढलेला नको, तुम्ही त्याला पैसे दिलेले असले तरी. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियातले फोटो जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर) टाकलेला फोटो जगात कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, तुमचं नाव देऊन वापरू शकतो, हे कळून मगच टाका. मजकुराचंही तसंच. पुस्तकातला परिच्छेद उतरवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याचा हक्क चालतो. वाचा, पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा. ओसाड वेशी, विहिरी, शंकरपटाची दान (बैलांच्या शर्यतीची धावपट्टी), धानाची रोवणी, आठवडी बाजार यांचे चांगले फोटो आपल्या भागातून फार कमी आहेत. इथे पुरावा शोधायचा त्रासही नाही, म्हणून ज्याला लिहिण्याचा कंटाळा त्याने फोटोपासून सुरुवात करावी.

शाळा-कॉलेजात कार्यशाळा घेणाऱ्यांसाठी

एका विद्यालयात मी कार्यशाळेला गेलो होतो. चाळीस मुलं, एक वायफाय. सहा खाती उघडली आणि सातव्या मुलापासून पुढे सगळी अडकली. विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर एका पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. हे आधी माहीत असतं तर मुलांना घरूनच खाती उघडून यायला सांगितलं असतं. मोठ्या कार्यक्रमासाठी आधी विनंती केली तर ही मर्यादा सैल करून मिळते. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने 'एक तरी लेख' काढावा अशी आयोजकांची घाई होती. मुलांनी इकडून तिकडून मजकूर उचलला आणि आठवड्यात बहुतेक सगळं पुसलं गेलं. त्यातली एकही मुलगी, एकही मुलगा परत विकीवर आला नाही. लेखांची संख्या मोजू नका. चाळीस मुलांनी आपापल्या गावाच्या पानावर एकेक संदर्भ जोडला, तर ते चाळीसही टिकतील आणि मुलंही.

विकी चालवणाऱ्यांनी काय बदलावं

नवख्याने शिकायला हवं, हे वर सांगितलंच. पण सगळं ओझं त्याच्यावर टाकणं अन्यायाचं आहे, आणि हे मला मनापासून म्हणायचं आहे.

पहिला निरोप माणसाने लिहिलेला असावा. आज नव्या माणसाला बहुतेक वेळा तयार साचा भेटतो: लांबलचक, पंधरा दुवे असलेला, जड शब्दांचा. 'उल्लेखनीयता' ऐवजी 'या विषयावर कुठे छापून आलं आहे का? असेल तर सांगा, पान ठेवू' असं लिहायला किती वेळ लागतो? उघड शिवीगाळ किंवा जाहिरात नसेल, तर नवं पान काढून टाकण्याआधी निदान एक दिवस थांबावं आणि लिहिणाऱ्याला विचारावं. आमच्याकडे दुपारी लाइट जाते, टॉवर बंद पडतो, अर्धा लेख जतन करून माणूस उद्याची वाट पाहतो. तो उद्या यायच्या आत त्याचं पान गेलेलं असतं.

काढून टाकण्याऐवजी हलवावं. गावच्या तलावाचं पान स्वतंत्र टिकत नसेल, तर मजकूर गावाच्या पानावर नेऊन ठेवावा आणि जुन्या नावावरून तिकडे वाट करून द्यावी. पुनर्निर्देशनाची सोय विकीत आहेच. ऱ आणि ॲ यांच्या दोन तऱ्हांमधली पानं तर सांगकाम्यानेच एकमेकांना जोडून द्यावीत. यंत्राने सुटणाऱ्या गोष्टीसाठी नवख्याला ओरडा बसू नये.

मदतीची पानं मोबाइलवर, छोट्या पडद्यावर, कमी नेटवर वाचून कुणीतरी पाहावीत. आणि ज्या गावांच्या पानांवर हवामानाचा तो ठराविक परिच्छेद आहे, तिथे नवी पानं काढण्यापेक्षा त्या जिल्ह्यातल्या वाचनालयांना, शाळांना पत्र लिहावं. विदर्भात तालुक्या-तालुक्यात वाचनालयं आहेत. संदर्भाची पुस्तकं आमच्या कपाटात आहेत, आणि ती उघडायला आम्ही एका पायावर तयार आहोत.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. गावाच्या पानावर तलावाचा विभाग आहे, त्यात तेरा वाक्यं आणि पाच संदर्भ आहेत. तुडुमाचं वाक्य अजून नाही. आजोबांनी सांगितलेलं मी वाचनालयाच्या वहीत तारखेसह उतरवून घेतलं, त्यांनी खाली सही केली. गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे, तिच्यात तो मजकूर घ्यायचं ठरलं आहे. अंक हातात आला की पान क्रमांक चर्चा पानावर ठेवू. लिहिणारे आम्हीच असल्याने वाक्य आम्ही स्वतः घालणार नाही. तिथल्या दुसऱ्या कुणीतरी अंक तपासून ते घालावं.